तिठा ते शाळा, ४२० मीटर: कामाच्या नोंदी

दक्षिण कोकणातलं किनाऱ्यावरचं आमचं गाव, नगरपरिषद असलेलं. नाव लिहीत नाही, कारण या नोंदींत ज्यांच्या चुका आल्या आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांनी पुढे मदतही केली आहे. मी इथल्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. बांधकामातलं शिक्षण नाही. गावातल्या तिठ्यापासून, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथून, शाळेपर्यंत मुलांची चालायची वाट नीट करायचं हे काम. आपल्या शाळेजवळ कुणी असं काम हाती घेतलं तर पैसे आणि दिवस वाचावेत म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे.

६ जानेवारी २०२५

डिसेंबरात सहावीतली मुलगी तिठ्याजवळ दुचाकीखाली आली. मांडीचं हाड मोडलं. ती गटाराच्या झाकणांवरून कडेकडेने येत होती. पुढचं झाकण नव्हतं म्हणून रस्त्यावर उतरली, आणि मागून गाडी आली. सगळे म्हणाले, गाडीवाला जोरात होता. होताच. पण मी आज त्या जागी जाऊन उभी राहिले, आणि मलाही तिथे रस्त्यावरच उतरावं लागलं. दुसरी वाट नाही.

तिठ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत ४२० मीटर. हा तुकडा धरायचा. गावभर काही करायला जाणार नाही.

१२ जानेवारी

नववीची ११ मुलं, दोन टेप, खडू. डांबरी रस्ता साडेसहा मीटर. दोन्ही बाजूंना गटार, आतून ६० सेंटिमीटर, भिंती धरून ९०. पश्चिमेचं पूर्ण उघडं. पूर्वेच्या गटारावर झाकणं आहेत, काही सिमेंटची, काही जुन्या जांभ्याच्या लाद्या. आमच्याकडे फुटपाथ म्हणतात तो हाच, गटाराचा माथा.

मुलांनी भोकं मोजली: २३. कुठे एक झाकण गायब, कुठे सलग तीन. सगळ्यांची लांबी मिळवली तर १६ मीटर भरली. मला वाटलं बेरीज चुकली, पुन्हा मोजायला लावलं. १६ मीटरच. म्हणजे ४०४ मीटर वाट आहे आणि १६ मीटर नाही, तरी ती वाट कुणी वापरत नाही. चालणारा पहिल्या भोकाशी रस्त्यावर उतरतो आणि मग पुन्हा वर चढत नाही. शाळा भरायच्या वेळी, १०.१५ ते १०.४५, आम्ही २१२ चालणारी मुलं मोजली. झाकणांवरून शेवटपर्यंत आलेली ३१. सायकलवाली ४६, ती सगळी रस्त्यावर.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्ये फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. आमची ९० सेंटिमीटर, निम्मी. तरीही सुरुवात इथूनच करायची ठरवली, कारण या वाटेसाठी कुणाची जागा घ्यावी लागत नाही.

१३ जानेवारी

वेग मोजला. खडूने २५ मीटरवर दोन रेघा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. ३ सेकंदांत पार केलं तर ताशी ३० किलोमीटर. आजचा दिवस वाया गेला. मुलं गणवेशात, हातात वही घेऊन कडेला उभी होती, त्यांना बघून गाड्या आपोआप हळू झाल्या.

१८ जानेवारी

आज वाचनालयाच्या गॅलरीतून मोजलं, तिथे खालून कुणाचं लक्ष जात नाही. दुसरी चूक आज कळली. २५ मीटर अंतर कमी पडतं. बोट ०.३ सेकंद उशिरा पडलं तर ४७ चा वेग ४१ दिसतो. अंतर ५० मीटर केलं. ६० दुचाकी-रिक्षांमधली मधली नोंद ६.२ सेकंद, म्हणजे ताशी २९. सर्वांत जोरात ४.३ सेकंद, जवळपास ४२. सरासरी काढली नाही. एखादा मध्येच थांबला की ती बिघडते, म्हणून ओळीने लावून मधला आकडा घेतला.

२० जानेवारी ते १२ फेब्रुवारी

नगरपरिषदेच्या कार्यालयात अर्ज दिला आणि पोच घेतली नाही. १९ दिवसांनी गेले तर अर्ज सापडेना. नवीन अर्ज, दोन प्रती, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक, एक प्रत पोलीस ठाण्यात. तेव्हा निवडून आलेले नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, त्यामुळे भेटायचं कुणाला हेच पहिल्यांदा समजत नव्हतं. शेवटी काम पुढे गेलं ते बांधकाम विभागातल्या कनिष्ठ अभियंत्यामुळे. त्यांना मी पत्र दाखवलं नाही, मुलांनी काढलेला २३ भोकांचा नकाशा दाखवला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः चालत आले.

परवानगी मिळाली ती अशी: झाकणं आम्ही बसवायची, देखरेख त्यांची. तिठ्यावरचा बदल १५ दिवस चाचणी म्हणून.

१६ फेब्रुवारी

शाळेत पालक आणि दुकानदारांची बैठक. पहिली मागणी स्पीडब्रेकरची, दुसरी पण तीच. आयआरसी ९९ मधला उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, गाडी त्यावर चढते आणि उतरते. गावात घातलेले आहेत ते हातभर रुंदीचे, त्यावर सायकल उडते आणि म्हाताऱ्या माणसाची कंबर जाते. शिवाय आमचा रस्ता उताराचा. आडवा अडसर घातला की पाणी तिथेच तुंबणार. तो विचार सोडला.

एक रिक्षावाले दादा म्हणाले, गाड्या हळू केल्या तर आमचा वेळ जाईल, भाडं कमी होईल. रागाने नाही, काळजीने म्हणाले. मुलांनी फळ्यावर मांडलं: ४२० मीटर ताशी ४० ने ३८ सेकंद, ताशी २० ने ७६ सेकंद. फरक ३८ सेकंदांचा. दादा फळ्याकडे बघत राहिले. पुढे टायर त्यांनीच आणून दिले.

२ मार्च

दहावीची परीक्षा चालू आहे, शाळा केंद्र असल्यामुळे रस्त्यावर काम बंद. तेवढ्यात शाळेच्या मागच्या अंगणात झाकणं ओतायला घेतली. माप ७५ बाय ४५, जाडी १० सेंटिमीटर, ८ मिलिमीटरची सळई. गवंडीदादा खाडीची वाळू आणणार होते, स्वस्त पडते म्हणून. अभियंत्यांनी वेळेवर अडवलं. खारी वाळू सळईला आतून खाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत झाकण तडकतं. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या घराला सळई नसते, तिथे ही सवय खपून जाते. कृत्रिम वाळू मागवली.

१८ झाकणं, मजुरीसह एकाला ६२० रुपये. एकूण ११,१६०.

९ मार्च

घाई केली. ओतून सात दिवस झाल्यावर बसवली. औषधाच्या दुकानासमोर त्याच संध्याकाळी मालाचा टेम्पो एक चाक वर चढवून उभा राहिला आणि दोन झाकणं मधून गेली. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस लागतात हे मला माहीत होतं, तरी शिमग्याआधी काम दिसावं म्हणून मीच घाई केली होती. १,२४० रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे दोन ठिकाणी पुन्हा भोक झालं, आणि आता तिथे झाकण असेल या भरवशावर मुलं येणार होती. रात्री जाऊन फळ्या टाकल्या, वर लाल फडकं बांधलं.

१३ एप्रिल

तिठा. समस्या अशी की वळणाचं तोंड फार रुंद आहे. बाजाराकडून येणारी गाडी हँडल जरासं झुकवून, वेग न कमी करता शाळेच्या रस्त्याला लागते. कोपरा पुढे आणून वळण आवळलं तर गाडीला हळू व्हावंच लागेल. खडूने कमान काढली आणि तिच्यावर २६ चिरे मांडले.

दुपारच्या एसटीने त्यातले तीन फोडले. चालकदादा खाली उतरून मला म्हणाले, "बाई, फुडचा चाक बघू नकात, मागचा बघा." लांब गाडी वळताना मागचं चाक पुढच्याच्या आतून जातं. मी पुढचं चाक धरून कमान आखली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, तिठा रिकामा असताना, त्यांनी पहिली गाडी नेताना हळू वळवून दाखवली आणि आम्ही मागच्या चाकाच्या रेषेवर पीठ टाकत गेलो. कमान १.२ मीटर आत आली.

१६ एप्रिल

रात्री साडेनऊच्या सुमारास दिवे गेले होते. कॉलेजातला एक मुलगा स्कूटरवरून येऊन चिऱ्यावर आपटला. गुडघा आणि तळहात सोलला. सुदैवाने तेवढंच. चिऱ्यांना चुना लावला होता, पण जांभा चुना पिऊन टाकतो, तीन दिवसांत मातकट होतो. अंधारात तो रस्त्याच्याच रंगाचा दिसतो. मी त्याच्या घरी गेले, डॉक्टरांचा खर्च दिला. त्याच्या आईने चहा केला, तरी मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मुलांची हाडं मोडू नयेत म्हणून जे काम चालू केलं त्यात मीच रस्त्यात दगड मांडला होता.

रात्रीच सगळे चिरे उचलले. जो कुणी असा प्रयोग करेल त्याने हे लक्षात ठेवावं: रस्त्यावर टणक, न चमकणारी वस्तू एक रात्रही ठेवू नये. कामाच्या नकाशात खांब आणि दिवे मी मांडलेच नव्हते.

२० एप्रिल

शाळेच्या फाटकासमोर झेब्रा. पट्टे अर्ध्या मीटरचे, मध्ये अर्ध्या मीटरची जागा, लांबी ३ मीटर. रहदारी कमी म्हणून रात्री नऊला रंगवलं. रंग ३,९०० रुपयांचा.

४ मे

चिऱ्यांच्या जागी जुने टायर, पांढरे-पिवळे रंगवून, आत वाळू भरून, वरून चमकणारी पट्टी. रंग आणि पट्टीचे ६०० रुपये. मागचं चाक घासलं तरी टायर सरकतो, फुटत नाही. गाडीवाल्याला इजा नाही.

तिठ्यावर बसणाऱ्या मासेवाल्या मावशी सकाळपासून बघत होत्या. दुपारी मला म्हणाल्या, "बाय, रंग काढलास तो बरो. पण माजी पाटी खंय ठेवू ता सांग." मी काढलेली चालायची वाट नेमकी त्यांच्या पाटीवरून जात होती. त्या तिथे माझ्या लहानपणापासून बसतात. नकाशात मी दुकानं काढली, झाडं काढली, त्या नव्हत्या. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला २०१४ च्या कायद्याने संरक्षण आहे, पण कायदा आठवायच्या आधी मला शरम वाटली. टायर लावून कोपऱ्यात जी नवीन जागा तयार झाली तिचा आतला भाग त्यांना दिला. चालणाऱ्यांना दीड मीटर उरतो. आता गिऱ्हाईक रस्त्यावर वाकून मासे बघत नाही, कोपऱ्यात उभं राहून बघतं. हे माझ्या योजनेत नव्हतं, मावशींमुळे झालं.

११ मे

झेब्रा गेला. तीन आठवड्यांत रंगाची पापडी निघाली. कारणं तीन, सगळी माझी. रस्त्यावरची लाल धूळ झाडूने काढली होती, धुतली नव्हती. रात्री नऊला डांबरावर दमट खारा थर बसतो, बोट फिरवलं तर ओलं लागतं, त्यावरच रंग दिला. आणि पाऊण तासात रस्ता खुला केला.

जागाही चुकली होती. मुलं फाटकासमोर रस्ता ओलांडतच नाहीत. १८ मीटर अलीकडे वडापावची गाडी आहे, तिथे ओलांडतात. दोन दिवस नुसतं उभं राहून बघितलं असतं तर ३,९०० रुपये वाचले असते.

अभियंत्यांचा आज फोन आला: दुसऱ्या रस्त्याच्या कामाला थर्मोप्लास्टिक रंगाचं यंत्र गावात येतंय, तासाभरात तुमचा झेब्रा मारून देतो. तो रंग दोनशे अंशांच्या आसपास तापवून ओततात, वर काचेचे बारीक मणी टाकतात. मुलांनी आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने घासून रस्ता धुतला, कडक उन्हात वाळू दिला. १४ तारखेला दुपारी झालं, वडापावच्या गाडीसमोर.

१९ मे

पावसाळ्यापूर्वीच्या गटारसफाईला माणसं आली. झाकणं उचलायला कडी नाही, खाच नाही. एक झाकण ८४ किलोचं. त्यांनी पहार घातली आणि सात फोडली. मला राग आला, तो दहा मिनिटं टिकला. ते चौघं, उन्हात, गटारात उतरणारे, त्यांनी काय करायचं होतं? झाकण उघडायला लागतं हा विचारच आम्ही केला नव्हता. त्यांच्यातल्या मुकादमाला विचारून नवीन माप ठरवलं.

२१ मे

मान्सूनच्या आधीचाच पाऊस, पण धो धो. जिथे आमची झाकणं शाबूत होती तिथे पाणी गटारात जाईना. पूर्वी ते भोकांतूनच आत जायचं. ती भोकं म्हणजे गटाराची तोंडं होती, आणि आम्ही ती बंद केली होती. रस्त्यावर घोटाभर पाणी, किराणा दुकानाच्या उंबऱ्याला लागलं. दुकानदारकाकांनी स्वतः दोन झाकणं ओढून बाजूला टाकली. बरोबर केलं त्यांनी.

२५ मे

मान्सून आजच कोकणात आला. आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्याची सवय, त्या हिशेबाने ५ जूनपर्यंत दुसरी खेप ओतून घ्यायची होती. ओतकाम शाळेच्या व्हरांड्यात हलवलं.

नवीन झाकण: ७५ बाय ३०, वजन ५६ किलो, दोघांना उचलतं. दोन्ही टोकांना सळईची कडी, वर येणार नाही अशी, खळग्यात बसवलेली. दर तिसऱ्या झाकणाला रस्त्याच्या बाजूने खाच, पाणी आत जायला. खाच रस्त्याच्या दिशेला आडवी, म्हणजे सायकलचं चाक अडकणार नाही. वरचा पृष्ठभाग थापीने घोटला नाही, ओला असताना खराट्याने ओढला. पहिल्या खेपेत गुळगुळीत केला होता आणि पहिल्याच पावसात एक आजी घसरता घसरता वाचल्या. ४० झाकणं, एकाला ४३० रुपये, एकूण १७,२००.

१६ जून

शाळा सुरू. झाकणं तयार नाहीत, पावसात क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून मुरवायला, पाणी भरपूर पण दिवस कमी. भोकांवर फळ्या आणि फडकी.

२२ जून

२८ दिवस पुरे झाले, ४० झाकणं बसली. गवंडीदादा, मुकादम, चौघे पालक, सकाळी सात ते दुपारी दोन. पहिल्या खेपेतली नऊ आणि ही चाळीस, १६ मीटर भरले. टोकाला उभी राहून बघितलं. तिठ्यापासून फाटकापर्यंत सलग.

३० जून

आठवीतला मुलगा सायकलवरून पडला, कोपर फुटलं. आमच्या झाकणावर नाही, उतारावरच्या जुन्या लोखंडी जाळीवर. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या, पुढचं चाक दोन पट्ट्यांमध्ये गेलं. ही जाळी कित्येक वर्षं तशीच आहे आणि मी जानेवारीपासून तिच्यावरून शंभर वेळा चालत गेले. पायी चालणाऱ्याला ती दिसत नाही. जाळी चौकोनी होती. दोघांनी उचलली, काटकोनात फिरवली, परत ठेवली. दहा मिनिटं, खर्च शून्य. नंतर सायकलवाल्या मुलांना घेऊन सगळा रस्ता सायकलवरून फिरले. आणखी दोन जाळ्या तशाच सापडल्या, त्याही फिरवल्या.

८ जुलै

आरोग्यसेविका ताई टायर बघून थांबल्या. वाळू खाली बसलेली, वर पाणी साठलेलं, त्यात अळ्या. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात होतात. मी वर्गात हे शिकवते. त्याच दिवशी प्रत्येक टायरला तापवलेल्या सळईने खालून चार भोकं, वर पुन्हा वाळू, मग खडीचा थर. ताई दर सोमवारी बघून जातात.

१५ जुलै

पुन्हा मोजणी, त्याच वेळी, त्याच गॅलरीतून. उघडीप होती. चालणारी मुलं २०५, झाकणांवरून शेवटपर्यंत आलेली १४३. वळणानंतरच्या ५० मीटरची मधली नोंद ७.८ सेकंद, ताशी २३.

१७ जुलै

भर पावसात मोजलं. झाकणांवरून आलेली फक्त ५८. कारण बघायला खाली उतरले. ९० सेंटिमीटरच्या वाटेवर दोन उघड्या छत्र्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. समोरून कुणी आलं की एकजण रस्त्यावर उतरतो. रेनकोट घातलेली मुलं वरच राहिली, छत्रीवाली उतरली. आमच्याकडे चार महिने पाऊस, आणि मी रुंदी छत्रीने मोजली नव्हती. १.८ मीटरचा आकडा आता कागदावरचा वाटत नाही.

सायकलवाल्यांसाठीही फार काही झालेलं नाही. जाळ्या फिरवल्या, वळणावर गाड्या हळू झाल्या, एवढंच. ४६ च्या ५१ सायकली झाल्या, त्यावरून मी काही म्हणणार नाही.

३ ऑगस्ट

खर्चाची बेरीज. टेप-खडू ८४०, पहिली झाकणं ११,१६०, दुसरी १७,२००, वाया गेलेला रंग ३,९००, टायरचा रंग-पट्टी ६००, दोन फलक २,८००. एकूण ३६,५००. जखमी मुलाचा दवाखाना माझा, तो यात नाही. पैसे माजी विद्यार्थ्यांनी दिले. फुटलेली नऊ झाकणं आणि वाया गेलेला झेब्रा मिळून ९,४८० रुपये फुकट गेले, साधारण चौथा हिस्सा.

नवीन अर्ज दिला आहे, आवक क्रमांकासह: शाळेजवळच्या १२० मीटरमध्ये गटाराच्या माथ्याला लागून रस्त्यातले ९० सेंटिमीटर घेऊन वाट १.८ मीटर करावी. साडेसहा मीटरच्या रस्त्यात ५.६ उरतात. सोबत छत्र्यांचा फोटो जोडला.

७ सप्टेंबर

गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या आल्या, रस्त्याला जागा नाही, त्या झाकणांवर चढल्या. चार तडकली, सगळी औषधाच्या दुकानासमोर आणि मंगल कार्यालयाच्या वळणावर. तिथे गाडी चढतेच, मार्चमध्येही चढली होती. तेव्हाच ऐकायला हवं होतं. या चार ठिकाणी जाडी १५ सेंटिमीटर, सळई १० मिलिमीटरची. वजन वाढेल, म्हणून रुंदी २० करून संख्या वाढवली: चारांच्या जागी सहा. मुकादमाला दाखवून घेतलं.

सकाळी साचे लावले, दुपारी ओतलं. ५ ऑक्टोबरला २८ दिवस होतात. तोपर्यंत फळ्या, फडकी, आणि रोज सकाळी दहाला नववीतली दोन मुलं तिथे उभी.